शाळा सुटल्यानंतरचे दोन तास

वाचकांचे प्रश्न

या महिन्यात आलेल्या पत्रांपैकी बरीचशी पत्रे एकाच विषयाची आहेत. शाळा सुटल्यावर आणि सुट्टीच्या दिवसांत खेड्यातल्या मुलामुलींनी काय करावे, आणि त्यांच्यासाठी गावाने काय उभे करावे, हा तो विषय. त्यामुळे या वेळचे सदर पूर्णपणे त्यालाच दिले आहे. पत्रे संक्षिप्त केली असून पत्रलेखकांची नावे छापलेली नाहीत.

प्रश्न : आमच्या गावात जिल्हा परिषदेची सातवीपर्यंतची शाळा आहे. शाळा पाचला सुटते आणि त्यानंतर अंधार पडेपर्यंत मुले पारावर, टपरीसमोर किंवा कोणाच्या तरी मोबाईलभोवती घोळका करून बसलेली असतात. आम्ही चार-पाच पदवीधर तरुणांनी मुलांसाठी संध्याकाळचे केंद्र काढायचे ठरवले आहे. ग्रामपंचायतीने समाजमंदिराची एक खोली देऊ केली आहे. काही पालक म्हणतात शिकवणी घ्या, काही म्हणतात संगणक आणा. सुरुवात कशी करावी? (एक वाचक, जि. धाराशिव)

उत्तर : आपल्या पत्रात खोली आहे, शिकवणी आहे, संगणक आहे, पण त्या खोलीचे कुलूप ठरल्या वेळी कोण उघडणार, हे त्यात नाही. माझ्या मते सुरुवात तेथूनच करावी. मोठ्या उत्साहाने सुरू झालेली आणि दिवाळीच्या सुट्टीनंतर पुन्हा न उघडलेली अनेक केंद्रे मी पाहिली आहेत, आणि ती बंद पडण्याचे कारण बहुतेक ठिकाणी पैसा नव्हता. मुले वेळेवर येतात, दाराला कुलूप दिसते, पुढच्या आठवड्यात पुन्हा तसेच होते आणि मग मुले फिरकत नाहीत. मोठ्या माणसांच्या शब्दाची पारख मुलांना फार लवकर होते. म्हणून सहा दिवसांची घोषणा करून कसेबसे तीन दिवस चालवण्यापेक्षा मंगळवार, गुरुवार आणि शनिवार असे तीनच दिवस ठरवावेत, आणि पाऊस असो, जत्रा असो की लग्नसराई असो, ते चुकू देऊ नयेत. आपण चार-पाच जण आहात, तेव्हा प्रत्येक दिवशी दोघांची पाळी लावावी. एखाद्याला अडचण आली तर त्याने आपला बदली माणूस स्वतः शोधावा, असा नियम पहिल्याच बैठकीत करून घ्यावा.

वेळ ठरवण्यापूर्वी दहा-पंधरा घरी जाऊन विचारावे. कोणत्या घरी मुलाला शेळ्या आणायला जावे लागते, डेअरीवर दूध घालायची वेळ कोणती, नळाला पाणी केव्हा येते, हे कळल्याशिवाय केलेले वेळापत्रक कागदावरच राहते. बहुतेक गावांत साडेपाच ते साडेसात ही वेळ जमते. मुलांना घरी जाऊन काही खाऊन येण्याइतकी सवड मधे असावी, कारण दुपारी शाळेत खिचडी खाल्लेल्या मुलाला संध्याकाळी पुन्हा भूक लागते आणि भुकेले मूल कशातच रमत नाही.

शिकवणीबद्दल स्पष्टच लिहितो. दिवसभर बाकावर बसलेल्या मुलाला संध्याकाळी पुन्हा बाकावर बसवले, तर आपण शाळेचाच सातवा तास भरवत आहोत, आणि ज्या मुलांना शाळेत अपमान वाट्याला येतो, ती आपल्याकडेही येणार नाहीत. खरे तर केंद्राची सर्वाधिक गरज त्यांनाच असते. पहिला अर्धा-पाऊण तास मैदानावर घालवावा. लंगडी आणि लगोरीला जवळजवळ काहीच लागत नाही, आणि खो-खोला दोन खांब व थोडी फक्की पुरते. त्यानंतर अर्धा तास गृहपाठ आणि वाचन. येथे इयत्ता बाजूला ठेवून मुलाला प्रत्यक्षात जितके वाचता येते त्यानुसार गट करावेत. पाचवीत गेलेल्या कित्येक मुलांना दुसरीच्या पुस्तकातला उतारा सलग वाचता येत नाही, हे ग्रामीण भागातील शिक्षणाचा आढावा घेणाऱ्या ‘असर’च्या पाहण्यांतून वर्षानुवर्षे समोर येत आहे. अशा मुलाला पाचवीचा गृहपाठ करून देण्यात अर्थ नाही. त्याला वाचता येईल अशी गोष्ट रोज त्याच्या हातात पडली पाहिजे. पुस्तकांसाठी गावातल्या किंवा शेजारच्या गावातल्या सार्वजनिक ग्रंथालयाकडे जावे. १९६७ च्या ग्रंथालय कायद्याखाली अनुदान घेणारी हजारो ग्रंथालये राज्यात आहेत, आणि त्यांच्या कपाटांतली बालसाहित्याची पुस्तके वाचकाची वाट पाहत पडून असतात.

उरलेला वेळ हाताने काहीतरी करण्याचा असावा. पुण्याच्या आयुका संस्थेतील मुक्तांगण विज्ञान शोधिकेत अनेक वर्षे काम केलेल्या अरविंद गुप्ता यांनी टाकाऊ वस्तूंपासून करायची शेकडो खेळणी लोकांसमोर विनामूल्य ठेवली आहेत. त्यांतले एकच सांगतो. सायकलच्या व्हॉल्व्ह ट्यूबचे बोटाच्या पेराएवढे तुकडे कापावेत, काड्यापेटीतल्या काड्यांचे गूल घासून काढावे आणि तुकड्याच्या दोन्ही तोंडांत एकेक काडी खुपसून सांधा करावा. चार काड्यांचा चौकोन केला तर तो बोटाने ढकलताच तिरका होतो; तीन काड्यांचा त्रिकोण मात्र जागचा हलत नाही. मुले चौकोन पुन्हा पुन्हा ढकलून पाहतात. मग कोणीतरी त्याला ताठ करण्यासाठी कोपऱ्यापासून कोपऱ्यापर्यंत पाचवी काडी बसवायला जाते आणि ती आखूड पडते. काडी आखूड का पडली, यावरून तेथे जो वाद होतो तो भूमितीचा धडाच असतो, आणि तो त्यांनी स्वतः काढलेला असतो. शेवटी खराट्याची काडी मापाने तोडून बसवली जाते. त्यानंतर त्यांना मान वर करून समाजमंदिराच्या पत्र्याखालची लोखंडी कैची, म्हणजे पत्रा पेलणारा सांगाडा, पाहायला सांगावे. तिच्यात त्रिकोणच त्रिकोण का आहेत, हे आपण सांगण्याची वेळ येत नाही.

संगणक पुढच्या वर्षी आणावा. केंद्र वर्षभर न चुकता चालले, तर तो देणारे कोणीतरी गावातूनच पुढे येते.

प्रश्न : मी अंगणवाडी सेविका आहे. आमच्या गावात मुलांचे खेळाचे आणि अभ्यासाचे केंद्र चांगले चालते, परंतु सहावी-सातवीनंतर मुली यायच्या बंद होतात. घरचे म्हणतात, घरात काम असते, आणि मोठ्या मुलीने संध्याकाळी बाहेर राहणे बरे दिसत नाही. काय करता येईल? (जि. जालना)

उत्तर : ताई, या दोन्ही कारणांना सबबी समजू नका. आई मजुरीवरून सहाला परतते, तोपर्यंत पाणी भरणे, धाकट्याला सांभाळणे आणि चुलीजवळचे सगळे त्या मुलीकडेच असते. केंद्राची साडेपाचची वेळ मुलांच्या सोयीची असली, तरी तिच्यासाठी ती दिवसातली सर्वांत अडचणीची वेळ आहे. म्हणून मुलींच्या गटाची वेळ वेगळी ठेवावी. शाळा सुटल्याबरोबर शाळेच्याच आवारात एक तास, किंवा शनिवारी दुपारी आणि रविवारी, हे बहुतेक ठिकाणी जमते. शेजारच्या गावातल्या हायस्कूलला जाणाऱ्या मुली एसटीने येतात. काही तालुक्यांत मानव विकास मिशनच्या निळ्या गाड्या त्यांच्यासाठी असतात. त्या गाडीची परतीची वेळ लक्षात न घेता गट ठरवला, तर आठवीच्या पुढच्या मुली आपोआप वगळल्या जातात.

दुसरी गोष्ट धाकट्या भावंडांची. ‘लहान मुलांना आणू नये’ असा नियम आपल्या केंद्रात असेल, तर तो आजच काढून टाका. कडेवर भाऊ घेऊन आलेली मुलगी दारातून परत गेली की ती कायमची गेली. खोलीच्या एका कोपऱ्यात सतरंजी टाका, चार खेळणी ठेवा आणि पाळीपाळीने एकीने तेथे बसावे, असे ठरवा. आपण स्वतः अंगणवाडी चालवता, तेव्हा तीन-चार वर्षांच्या मुलांना कशात गुंतवायचे, हे तुम्हाला कोणी सांगण्याची गरज नाही.

‘बरे दिसत नाही’ या वाक्यामागे भीती असते, आणि ती भीती व्याख्यानाने जात नाही. मुलींबरोबर गावातलीच एक बाई असावी. आशाताई असोत, बचत गटातल्या कोणी असोत किंवा गावात सून म्हणून आलेली एखादी शिकलेली तरुणी असो. केंद्र सुटल्यावर तिने मुलींना एकत्र घेऊन प्रत्येकीला दारापर्यंत पोहोचवावे. पहिले दोन महिने हे काम कंटाळवाणे वाटेल, परंतु रोज दारात येणाऱ्या बाईशी त्या घरातली आजी बोलू लागते, आणि मुलीने बाहेर जावे की नाही, हे अनेक घरांत आजीच ठरवते. स्वच्छतागृहाच्या दाराला आतून कडी आहे आणि आत पाणी आहे, याची खात्री करून घ्या. पाळी आलेल्या मुली न येण्याचे कारण कित्येकदा एवढेच असते, आणि ते त्या कोणालाही सांगत नाहीत.

हा प्रश्न खेळापुरता नाही, हे आपण जाणताच. २०१९ ते २०२१ या काळातील राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीनुसार महाराष्ट्रातील २० ते २४ वर्षे वयाच्या स्त्रियांपैकी २१.९ टक्के स्त्रियांचे लग्न अठराव्या वर्षापूर्वी झालेले होते. घराबाहेर नियमित येणारी मुलगी चार आठवडे आली नाही, तर तिची चौकशी करणारे कोणीतरी गावात असते. घरातच राहणाऱ्या मुलीची सुपारी फुटली, तरी कोणाला पत्ता लागत नाही. ग्रामसेवक हे बालविवाह प्रतिबंधक अधिकारी असतात आणि अंगणवाडी सेविकेवर त्यांना साहाय्य करण्याची जबाबदारी असते. त्यामुळे मुलींच्या गटाचे हजेरीपत्रक तुमच्या हाती असणे ही फार मोलाची गोष्ट आहे.

प्रश्न : केंद्रात मोबाईलला पूर्ण बंदी असावी का? आमच्या गावात यावरून दोन तट पडले आहेत. (एक पालक, जि. सातारा)

उत्तर : केंद्राच्या दोन तासांत मुलांच्या हाती मोबाईल नसावा आणि तेथील ताई-दादांच्याही हाती नसावा, असे माझे मत आहे. दुसरा भाग पहिल्यापेक्षा महत्त्वाचा आहे.

आपल्या शेजारच्या सांगली जिल्ह्यातील, कडेगाव तालुक्यातील मोहित्यांचे वडगाव या गावाचे उदाहरण पाहावे. तेथे ऑगस्ट २०२२ पासून रोज संध्याकाळी सातला मंदिरावरचा भोंगा वाजतो आणि पुढचा दीड तास गाव टीव्ही आणि मोबाईल बंद ठेवते. मुले अभ्यासाला बसतात, मोठी माणसे वाचतात किंवा एकमेकांशी बोलतात. करोनाच्या काळात शिक्षणासाठीच मुलांच्या हाती आलेले फोन शाळा उघडल्यावरही सुटेनात, हे त्यामागचे कारण होते. या प्रयोगाची चर्चा होताना सगळे भोंग्याविषयी बोलतात, परंतु भोंगा विकत घेणे हा त्यातला सोपा भाग होता. महिलांच्या सभेत विषय निघाला, त्यानंतर आशा, अंगणवाडी सेविका, ग्रामपंचायतीचे कर्मचारी आणि निवृत्त शिक्षक घरोघरी गेले, आणि मुख्य म्हणजे नियम आईवडिलांनाही लागू झाला. बापाने मालिका पाहत बसायचे आणि मुलाने आतल्या खोलीत अभ्यास करायचा, अशी विभागणी तेथे केली गेली नाही.

मात्र मोबाईलला शत्रू ठरवून विषय संपत नाही. ‘असर’च्या २०२४ च्या अहवालात ग्रामीण भारतातील १४ ते १६ वयाच्या, स्मार्टफोन वापरता येणाऱ्या मुलांपैकी ५७ टक्के मुलांनी आदल्या आठवड्यात फोनचा उपयोग शिक्षणाशी संबंधित कामासाठी केल्याचे, तर ७६ टक्के मुलांनी समाजमाध्यमांसाठी केल्याचे नोंदले आहे. म्हणजे वस्तू हातात आहे, पण तिचा चांगला वापर कोणी शिकवलेला नाही. महिन्यातून एक दिवस नववी-दहावीच्या मुलांना फोन घेऊन बोलवावे. पासवर्ड कसा जपायचा, अनोळखी माणसाने फोटो मागितला तर काय करायचे, शिष्यवृत्तीचा अर्ज कसा भरायचा, आलेली बातमी खरी की खोटी हे कसे पाहायचे, हे त्यांच्याबरोबर बसून करावे. दोन्ही तटांचे यावर एकमत होईल असे वाटते.

प्रश्न : आमचे गाव ऊसतोड मजुरांचे आहे. दसरा झाला की टोळ्या कारखान्यांकडे निघतात आणि केंद्रातली मुले पाव हिश्श्यावर येतात. या सहा महिन्यांत केंद्र बंद ठेवावे का? (एक शिक्षक, जि. बीड)

उत्तर : गुरुजी, कृपा करून बंद ठेवू नका. जी मुले मागे राहतात, ती त्या काळात वर्षातली सर्वांत एकटी असतात. आईवडील कोयता घेऊन गेलेले, घरात थकलेले आजी-आजोबा, आणि दिवस सहाला मावळणारा. शाळा व्यवस्थापन समितीमार्फत हंगामी वसतिगृह चालत असेल तर जेवणाची सोय होते, परंतु जेवण आणि झोप यांच्या मधल्या वेळेत त्या मुलांशी बोलणारे कोणी असतेच असे नाही. आपले केंद्र त्या वेळेसाठी आहे. मुले पंधराच असली तर पंधराच असोत. मोठी मैदानी स्पर्धा होणार नाही, पण गोष्ट वाचून दाखवण्यासाठी, आईवडिलांना पत्र लिहिण्यासाठी आणि आठवड्यातून एकदा फोन लावून देण्यासाठी ती संख्या अगदी योग्य आहे.

जी मुले टोळीबरोबर जातात, त्यांच्यासाठी निघण्यापूर्वीच्या आठवड्यात दोन कामे करावीत. शाळेकडून शिक्षण हमी पत्रक घेऊन ते पालकांच्या हाती द्यावे आणि त्याचा उपयोग काय, हे त्यांना समजावून सांगावे, म्हणजे कारखान्याच्या भागातील शाळेत मुलाला बसता येते. आणि प्रत्येक मुलाला दोन-तीन गोष्टींची पुस्तके, एक वही व पेन्सिली यांची पिशवी द्यावी. पुस्तके परत येणार नाहीत, हे गृहीत धरूनच द्यावीत. आईबापांनी मजुरीची आगाऊ उचल घेतलेली असते आणि मुकादमाच्या गाडीत भांडीकुंडी, जनावरे आणि माणसे एकत्र कोंबलेली असतात. त्या सामानात पुस्तक टिकले तर तो आनंदच.

आता येथे मला कोल्हापूर, सांगली, सातारा, सोलापूर आणि अहिल्यानगर या जिल्ह्यांतल्या वाचकांना उद्देशून लिहायचे आहे, कारण या प्रश्नाचे अर्धे उत्तर त्यांच्या हाती आहे. आपल्या गावात चालणाऱ्या केंद्रापासून हाकेच्या अंतरावर उसाच्या पाचटाच्या कोप्या, म्हणजे तोडणी मजुरांच्या झोपड्या, उभ्या राहतात. आईवडील पहाटेच फडात जातात आणि दहा वर्षांची मुलगी तान्ह्या भावाला घेऊन कोपीत बसते. ती आपल्या केंद्रात स्वतःहून कधीही येणार नाही. तारा मोडक आणि अनुताई वाघ यांनी १९४५ मध्ये बोर्डीला आणि पुढे कोसबाडच्या टेकडीवर आदिवासी मुलांसाठी काम करताना हेच ओळखले होते. गुरे राखणारी मुले शाळेत येत नाहीत म्हणून त्यांनी कुरणशाळा भरवली. शिक्षकच गुरांमागे कुरणात गेला. आपल्या गावच्या युवक मंडळाने आठवड्यातून दोन संध्याकाळी सतरंजी, पुस्तके आणि चेंडू घेऊन कोप्यांवर जावे. गावची मुलेही बरोबर न्यावीत. परक्या मुलांबरोबर खेळलेले मूल पुढे त्यांना ‘बाहेरचे’ म्हणत नाही.

टोळ्या होळी-पाडव्याच्या सुमारास परततात. शाळा त्या वेळी परीक्षेच्या घाईत असते आणि परतलेले मूल वर्गात हरवते. ते आठवडे केंद्राने त्यांच्या वाचनासाठी राखून ठेवावेत, आणि जमल्यास उन्हाळ्याच्या सुट्टीतही सकाळचा एक तास चालू ठेवावा.

प्रश्न : आमचे तरुण मंडळ गणेशोत्सव आणि शिवजयंती करते. यंदा डीजेवरचा खर्च वाचवून लहान मुलांसाठी वर्षभर काही करायचे आहे. संस्था नोंदवावी लागेल का? आमच्यातले अर्धे जण पोलीस भरतीची तयारी करत आहेत, त्यांना वेळ होईल का? (जि. सोलापूर)

उत्तर : आपला निर्णय वाचून मनापासून आनंद झाला. मुलांना शनिवार-रविवारी खेळवण्यासाठी नोंदणीची गरज नाही. मात्र बाहेरून देणग्या घ्यायच्या असतील, शासकीय योजनेत भाग घ्यायचा असेल किंवा बँकेत मंडळाच्या नावाने खाते हवे असेल, तर नोंदणी करून घ्यावी. त्यासाठी १८६० चा संस्था नोंदणी कायदा आणि १९५० चा महाराष्ट्र सार्वजनिक विश्वस्त व्यवस्था कायदा लागू होतो; किमान सात सभासद लागतात आणि दरवर्षी हिशेब सादर करावा लागतो. शेवटची अट पेलणार असेल तरच या वाटेने जावे. युवक मंडळांना नेहरू युवा केंद्राशी जोडण्याची पद्धत १९७२ पासून होती. आता १५ ते २९ या वयोगटासाठी केंद्र सरकारने ३१ ऑक्टोबर २०२३ रोजी ‘मेरा युवा भारत’ ही संस्था स्थापन केली आहे आणि तिच्या संकेतस्थळावर नोंदणी विनामूल्य होते.

भरतीच्या मुलांबद्दल थोडे अधिक लिहितो, कारण त्यांच्याकडे गाव फक्त ‘रिकामी पोरे’ म्हणून पाहते आणि ते अन्यायाचे आहे. ही मुले पहाटे उठून सोळाशे मीटर धावतात, गोळा फेकतात आणि दिवसभर अभ्यासिकेत बसतात. गावातील इतर कोणाहीपेक्षा त्यांचा दिवस शिस्तीचा असतो. त्यांनी आठवड्यातून दोन संध्याकाळी लहान मुलांचा खेळ घ्यावा, आणि त्या बदल्यात गावाने त्यांना धावण्यासाठी मोजलेली, राखलेली जागा द्यावी. आज ती अंधारात डांबरी रस्त्याने धावतात आणि मागून येणाऱ्या वाहनाला दिसत नाहीत. शाळेचे मैदान किंवा गायरानातला सपाट तुकडा रोलर फिरवून दोनशे मीटरचा गोल आखला, की आठ फेऱ्यांत सोळाशे मीटर होतात. आठशे मीटर धावणाऱ्या मुलींनाही मग गावाबाहेर जावे लागत नाही.

एक काळजी मात्र घ्यावी. लहान मुलांचा खेळ घेणे आणि भरतीचा सराव घेणे यांत फरक आहे. शिक्षा म्हणून बैठका काढायला लावणे, हरलेल्या संघाची टिंगल करणे, हे केंद्रात चालू देऊ नये. राष्ट्र सेवा दलाच्या शाखांमध्ये १९४१ पासून खेळ, गाणी आणि गप्पा यांची जी सांगड घातली गेली, तिचा अनुभव असलेली वयस्कर माणसे सोलापूर भागात आजही भेटतात. अशा एखाद्याला दोन दिवस बोलावून मुलांचे खेळ कसे घ्यावेत, हे शिकून घ्यावे.

प्रश्न : ग्रामपंचायतीला अशा केंद्रासाठी खर्च करता येतो का? की फी ठेवावी? (एक महिला सरपंच, जि. नाशिक)

उत्तर : करता येतो. ग्रामपंचायतीने स्वतःच्या उत्पन्नाच्या १० टक्के रक्कम महिला व बालकल्याणावर खर्च करणे अपेक्षित आहे, आणि अनेक ठिकाणी ती मार्चअखेरीस घाईघाईने वस्तू वाटून संपवली जाते. त्यापेक्षा सतरंज्या, दिवे, चेंडू, पुस्तके आणि मुलींच्या गटाच्या ताईचे लहानसे मानधन यासाठी ती आधीच नेमून द्यावी. दरवर्षीच्या ग्रामपंचायत विकास आराखड्यात ‘बालस्नेही गाव’ या विषयाखाली केंद्राचे नाव घालावे आणि तो विषय आधी महिला सभेत घ्यावा. फी ठेवू नये. महिना वीस रुपये फीसुद्धा ज्या घरातली मुले यायला हवीत, नेमकी त्यांनाच अडवते. शिवाय शाळेचे शिक्षक केंद्रात येत असतील, तर शिक्षण हक्क कायद्याच्या कलम २८ नुसार त्यांना खासगी शिकवणी घेता येत नाही, हेही लक्षात असावे.

प्रश्न : आमच्या केंद्रात शहरातून काही स्वयंसेवक येतात. चांगली माणसे आहेत, पण मुलांच्या सुरक्षिततेची काळजी वाटते. असे विचारले तर त्यांचा अपमान होईल का? (एक आई, जि. रायगड)

उत्तर : होणार नाही. जो चांगल्या हेतूने आला आहे, त्याला नियमांचा राग येत नाही, आणि ज्याला राग येतो, त्याच्याबाबत आपण अधिक सावध राहावे. नियम सर्वांना सारखे असावेत, गावच्या माणसांनाही. कारण मुलांना त्रास देणारी व्यक्ती बहुतेक वेळा ओळखीतलीच असते. कोणत्याही वेळी दोन मोठी माणसे हजर असावीत, एकट्या मुलाला किंवा मुलीला बंद खोलीत, गाडीवर किंवा मुक्कामाला कोणी नेऊ नये, खिडक्या-दारे उघडी असावीत, आणि पालकांच्या लेखी संमतीशिवाय मुलांचे फोटो काढून पसरवू नयेत. येणाऱ्याचे ओळखपत्र पाहून नोंद ठेवावी.

मुलांच्या मदतीसाठी असलेला १०९८ हा हेल्पलाइन क्रमांक मुलांना पाठ असावा. तो भिंतीवर मोठ्या अक्षरांत लिहावा. एखाद्या मुलाने काही सांगितले, तर त्याच्यावर विश्वास ठेवून शांतपणे ऐकावे, उलटतपासणी करू नये आणि गावात बैठक घेऊन मिटवण्याच्या भानगडीत मुळीच पडू नये. मुलांवरील लैंगिक अत्याचारांविरुद्धच्या २०१२ च्या पॉक्सो कायद्यानुसार अशा गुन्ह्याची माहिती असलेल्या व्यक्तीने ती पोलिसांना कळवणे बंधनकारक आहे. गावाच्या अब्रूचे कारण सांगून जो थांबवू पाहतो, त्याला हा कायदा दाखवावा.

प्रश्न : मी नववीत आहे. आमच्या केंद्रात शनिवारी मैदानावर मुलेच खेळतात. आम्ही मुलींनी कबड्डी मागितली, तर दादा म्हणाले, तुम्ही आत बसून कॅरम खेळा. आम्ही काय करू? (एक विद्यार्थिनी, जि. परभणी)

उत्तर : तुझे पत्र मी केंद्र चालवणाऱ्या सगळ्या मोठ्या माणसांसाठी येथे मुद्दाम छापत आहे. तू आणि तुझ्या मैत्रिणींनी आधी एकत्र बसून किती जणी खेळायला तयार आहात, ते लिहून काढा. सात जणींचा एक संघ होतो. चौदा जणी झाल्या की सामना लावता येतो. मुलींच्या कबड्डीला बारा मीटर लांब आणि आठ मीटर रुंद जागा पुरते, ती मैदानाच्या एका कडेला निघते का, हे टेपने मोजून पाहा. मग दादांना पुन्हा भेटा आणि ‘आम्हाला खेळू द्या’ असे न म्हणता, ‘शनिवारी साडेचार ते साडेपाच ही वेळ आम्हाला हवी’ असे नेमके सांगा. तुमच्याबरोबर उभी राहील अशी एक ताई किंवा शिक्षिका आधीच शोधून ठेवा. तरीही ऐकले नाही, तर तोच मजकूर अर्ज म्हणून लिहा, सगळ्यांच्या सह्या घ्या आणि ग्रामपंचायतीत द्या. पुढच्या महिला सभेत आणि ग्रामसभेत तो वाचून दाखवावा, अशी विनंती अर्जातच करा. अर्जाच्या दोन प्रती काढा. एक तेथे द्या आणि दुसरीवर तारीख व शिक्का घेऊन ती तुझ्याजवळ ठेव.